सुट्या मालाचा सेल्फ सर्व्हिस विभाग काढायचाय? आरोग्य खातं नेमकं काय बघतं ते सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दुकानात धान्य, डाळी, पीठ, सुकामेवा, बिया, मसाले असं सगळं मोठ्या डब्यांमधून ठेवायचं, गिऱ्हाइकानं स्वतः घ्यायचं आणि वजन करून पैसे द्यायचे. पण नियम एका जागी सापडत नाहीत. एक जण म्हणतो झाकण असलं की झालं, दुसरा म्हणतो वरून भरायचे आणि खालून नळीतून पडणारे ग्रॅव्हिटी डिस्पेन्सरच लागतात, तिसरा म्हणतो गिऱ्हाइकाचा घरचा डबा अजिबात चालत नाही. मी एकवीस वर्षं खाद्य दुकानांची तपासणी केली आणि आता दुकानदारांना हेच विभाग मांडून द्यायचं काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कारण ह्या विषयात अर्धवट माहितीनं लोकांचे पैसे चुकीच्या डब्यांवर गेलेले मी खूप पाहिलेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचे नियम आपोआप कळायला लागतात. पॅकेट म्हणजे नुसतं प्लास्टिक नाही. पॅकेट मालाला हात लागू देत नाही, धूळ आणि किडे बाहेर ठेवतं, आत काय आहे ते सांगतं, कुणाला ॲलर्जी असेल तर सावध करतं, तारीख आणि बॅच नंबर जपतं, आणि कुणी उघडलं तर ते दिसतं. तुम्ही पॅकेट काढून टाकलं की ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतात. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर येतो तेव्हा तो खरं तर हेच बघत असतो की पॅकेटचं हे काम आता इथे कोण करतंय. झाकण, स्कूप म्हणजे माल काढायचा मुठीचा चमचा, लेबल, रजिस्टर, सगळं त्याच एका प्रश्नाचं उत्तर आहे.

नियम एका जागी का मिळत नाहीत, तर ते थरांमध्ये असतात म्हणून. सगळ्यात वर कोडेक्स, म्हणजे एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना आणि डब्ल्यूएचओ ही जागतिक आरोग्य संघटना ह्या दोघांनी मिळून चालवलेली अन्नमानकांची व्यवस्था, त्यांची अन्नस्वच्छतेची मूळ तत्त्वं १९६९ पासून आहेत आणि २०२० मध्ये त्यांची मोठी दुरुस्ती झाली, शिवाय कोरड्या, कमी ओलाव्याच्या पदार्थांसाठी वेगळी आचारसंहिता २०१५ मध्ये आली. त्याखाली देशाचा कायदा, आणि त्याखाली तुमच्या गावचं किंवा जिल्ह्याचं आरोग्य खातं, प्रत्यक्ष परवाना देणारं. युरोपात स्वच्छतेचा मूळ नियम ८५२/२००४ हा आहे, तो तुम्हाला डब्याची मापं वगैरे देत नाही, तो म्हणतो धोका ओळखा आणि तुमच्या पद्धतीनं आवरा. अमेरिकेत उलट, तिथे एफडीए ह्या अन्न आणि औषध खात्याचं फूड कोड नावाचं नमुना नियमपुस्तक आहे, २०२२ च्या आवृत्तीत सेल्फ सर्व्हिसबद्दल अगदी स्पष्ट वाक्यं आहेत, पण ते स्वतः कायदा नाही, प्रत्येक राज्य किंवा काउंटी ते स्वीकारते तेव्हा तिथे लागू होतं, आणि कुणी जुनी आवृत्ती वापरतं, कुणी नवी, कुणी स्वतःची भर घालतं. म्हणून दोन शेजारच्या गावांत नियम वेगळे निघतात आणि तुम्हाला तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. तिघंही खोटं बोलत नसतील, कदाचित वेगळ्या गावचे असतील. मी पुढे फूड कोडचे दाखले देणारे कारण त्याच्यात गोष्टी मोजून मापून लिहिल्यात, तुमच्याकडे ते लागू नसलं तरी इन्स्पेक्टरच्या डोक्यात काय चालतं ते समजायला ते चांगलं आहे.

आता कुठला माल असा उघडा ठेवता येतो. इथे मोजमाप आहे वॉटर ॲक्टिव्हिटीचं, म्हणजे पदार्थात एकूण पाणी किती ह्यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं पाणी किती. शुद्ध पाणी म्हणजे १, आणि ०.८५ च्या खाली आलं की आजार करणारे जीवाणू वाढत नाहीत, ०.६ च्या खाली तर बुरशीही वाढत नाही. धान्य, डाळी, बदाम, साखर, कोरडा मसाला हे सगळे सुरक्षित बाजूला बसतात म्हणूनच ते खोलीच्या तापमानाला डब्यात ठेवायची परवानगी मिळते. मऊ ओलसर सुकामेवा जरा काठावर असतो, त्याला बुरशी येऊ शकते, पुरवठादाराकडून आकडा मागून घ्या. ओले पदार्थ, कापलेली फळं, शिजवलेलं काही, लोणी किंवा लोण्यासारखं काही, ह्यांचा खेळ वेगळा, तिथे थंड म्हणजे ५ अंशाच्या खाली आणि गरम म्हणजे ५७ च्या वर असं फूड कोड म्हणतं आणि शिंकेपासून वाचवणारी काच लागते. कच्चं उघडं मांस किंवा मासे गिऱ्हाइकानं हातानं घ्यायचे असं ठेवता येत नाही, अपवाद मोजके. तुमच्या यादीत ते नाहीच, पुढे जाऊ.

पण इथे एक मोठा गैरसमज आहे आणि त्याच्यावर मी जरा थांबणार. लोकांना वाटतं कोरडं म्हणजे निर्धोक. कोरड्या मालात साल्मोनेला, म्हणजे जुलाब तापाचा जीवाणू, वाढत नाही हे खरं, पण तो मरतही नाही, तो तसाच महिनोन् महिने बसून राहतो, आणि शेंगदाणे, बदाम ह्यांच्यासारख्या तेलकट मालात तर तो जास्तच चिवट होतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या मालातून साल्मोनेला पसरला, ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ माणसं गेली. पीठसुद्धा कच्चाच पदार्थ आहे, ते भाजून किंवा शिजवूनच खायचं असतं, हे पिठाच्या डब्यावर लिहा म्हणून मी प्रत्येकाला सांगते. आणि दुसरं म्हणजे नोरोव्हायरस, जुलाब उलट्यांचा, तो अन्नात वाढत नाही, त्याला वाढायची गरजच नाही, अगदी थोडे कण पुरतात आणि ते माणसाच्या हातावरून येतात. आता विचार करा, गिऱ्हाईक बदाम घेतं ते तसंच तोंडात टाकतं, धूत नाही, भाजत नाही. म्हणून नियमांमध्ये तसंच खायचा माल आणि घरी शिजवून खायचा माल असा फरक असतो. डाळ तांदूळ घरी धुऊन शिजणार, तिथे इन्स्पेक्टर थोडा सैल सुटतो. बदाम, बिया, सुकामेवा, ग्रॅनोला ह्यांच्याकडे तो डोळे मोठे करून बघतो आणि बघायलाच पाहिजे. सालासकट अक्रोड वगैरे असेल तर फूड कोड त्याला पॅकिंग किंवा काचेची सक्तीही करत नाही, कारण साल घरी फुटणार.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ग्रॅव्हिटी का स्कूप. फूड कोडचं वाक्य असं आहे की तसाच खायचा माल गिऱ्हाईक स्वतः घेणार असेल तर योग्य चमचे चिमटे द्या किंवा माल बाहेर पडायची परिणामकारक सोय द्या. म्हणजे दोन्ही चालतात. काही स्थानिक खाती मात्र पुढे जाऊन सुकामेव्यासाठी ग्रॅव्हिटीच मागतात, ते विचारून घ्या. ग्रॅव्हिटीचे फायदे उघड आहेत, हात आत जात नाही आणि आधी भरलेला माल आधी बाहेर पडतो. तोटे कुणी सांगत नाही ते मी सांगते. पीठ त्यात चालत नाही, ते कमान धरून अडकतं आणि मग लोक डब्यावर बुक्क्या मारतात. चिकट मनुका, खजूर अडकतात. बियांसारखा बारीक माल झडपेच्या फटीतून गळत राहतो आणि खाली सांडलेला प्रत्येक दाणा म्हणजे किड्यांना आमंत्रण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तळाशी जी झडप आहे तिच्या मागे एक कोपरा असतो, तिथे भुकटी साचते, ती दिसत नाही, आणि बरेच डिस्पेन्सर तिथे सुटे होतच नाहीत. विकत घेताना विक्रेत्याला म्हणा, माझ्यासमोर हे हत्यारांशिवाय पूर्ण सुटं करून दाखव. दोन मिनिटांत सुटं झालं नाही तर घेऊ नका, कारण तुमचा नोकर ते कधीच सुटं करणार नाही.

स्कूपचा डबा असेल तर झाकण आपोआप बंद होणारं हवं, बिजागरीचं, तिरकं, म्हणजे सोडलं की पडलंच पाहिजे. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागणारं झाकण नको, माणूस एका हातात पिशवी धरून असतो, तो झाकण उघडं टाकून जाणार, त्यात त्याचा दोष नाही. डब्याचं तोंड लहान मुलांच्या हाताच्या वर असू दे, काही खाती ह्याची उंचीही ठरवून देतात. डबा फूड ग्रेड मटेरियलचा, आतून गुळगुळीत, कोपरे गोल. लाकडी पेट्या आणि वेताच्या टोपल्या फोटोत सुंदर दिसतात पण धुता येत नाहीत, भेगांमध्ये अंडी घातली जातात, त्या फक्त बाहेरून सजावट म्हणून ठेवा आणि आत धुता येणारा डबा बसवा.

स्कूपबद्दल. प्रत्येक डब्याला स्वतःचा स्कूप, साखळीनं किंवा दोरीनं बांधलेला, आणि दोरी एवढीच लांब की शेजारच्या डब्यापर्यंत पोचू नये. जमिनीपर्यंत तर नाहीच. मूठ नेहमी मालाच्या वर राहिली पाहिजे, मूठ मालात बुडली की शंभर माणसांचे हात मालात बुडले असं समजा. मी दुकानदारांना सांगते की स्कूप मालात खुपसून ठेवूच नका, डब्याच्या बाजूला झाकलेली खोबण करा. स्कूप आणि चिमटे फूड कोडप्रमाणे निदान २४ तासांतून एकदा धुवायचे, म्हणजे व्यवहारात रोज रात्री सगळे काढून धुवायचे आणि सकाळी दुसरा कोरडा सेट लावायचा. दोन सेट घेतल्याशिवाय हे जमत नाही, कारण एकच सेट असेल तर सकाळी ओले स्कूप लागतात आणि ओला स्कूप पिठात गेला की गोळे, मग बुरशी. बिनमुठीची वाटी स्कूप म्हणून कधीही नको.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मला निम्म्याहून जास्त दुकानांत सापडली. वरून ओतणं. डबा अर्धा झाला की नोकर नवी गोण आणून जुन्या मालावर ओततो. डबा नेहमी भरलेला दिसतो, मालक खूश. स्कूपच्या डब्यात माणूस वरचंच घेतो, त्यामुळे तळाचा माल तिथेच राहतो, महिना, दोन महिने, सहा महिने. एका दुकानात मी अक्रोडाचा डबा पूर्ण उपसायला लावला होता, वरचे अक्रोड ताजे आणि गोडसर, मधले जरा कडू, आणि तळाशी खवट वासाचा थर, त्यात जाळं धरलेलं आणि अळ्या. मालक बिचारा खरंच हादरला, त्याला वाटत होतं आपला माल आठवड्याला संपतो. संपत होता, पण वरचा. फूड कोड इथे स्पष्ट आहे, गिऱ्हाइकाच्या हाताचे डबे पुन्हा भरण्याआधी धुवायचे. म्हणजे डबा रिकामा करा, उरलेला चांगला माल आणि त्याची तारीख वेगळी ठेवा, डबा धुवा, पूर्ण वाळवा, नवा माल भरा. उरलेला जुना वर टाकून आधी संपवायचा का, तर मी म्हणते नको, कारण मग दोन बॅच मिसळतात, त्याचं पुढे सांगते. उरलेल्याची छोटी पाकिटं करून, लेबल लावून विका. आणि ह्याच कारणासाठी डबे लहान घ्या! चार दिवसांत संपेल एवढाच डबा. नव्या दुकानदाराला मोठे डबे घ्यायचा मोह होतो, दिसायला भारी वाटतं, पण मोठा डबा म्हणजे जुना माल.

धुण्यात पाण्यापेक्षा वाळवण्याकडे लक्ष द्या. कोरड्या मालात पाणी हाच शत्रू आहे, कोडेक्सची कोरड्या पदार्थांची संहितासुद्धा शक्य तिथे ब्रश, व्हॅक्यूम, कोरडं पुसणं असं कोरडं साफ करायला सांगते आणि ओलं धुतलंच तर पूर्ण वाळल्याशिवाय माल आणू नका म्हणते. म्हणून डब्यांचे जादा संच ठेवा, धुतलेला डबा रात्रभर उपडा हवेत वाळू दे, फडक्यानं पुसू नका, फडकंच घाण असतं. क्लोरीनचं सॅनिटायझर वापरत असाल तर ५० ते १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात तितके भाग, आणि अंदाजानं ओतू नका, चाचणीच्या पट्ट्या मिळतात त्या लावून बघा, इन्स्पेक्टर ह्या पट्ट्या आहेत का हे हमखास विचारतो.

लेबल. डब्यावर फक्त नाव पुरत नाही. नाव, घटक, ॲलर्जीचे घटक ठळक, पुरवठादाराचं नाव, आणि बहुतेक ठिकाणी बेस्ट बिफोर तारीख. सोपा मार्ग म्हणजे गोणीवर जे मूळ लेबल आलं त्याची प्रत डब्यावर समोरच लावायची, फूड कोडही हेच मान्य करतं. युरोपात ११६९/२०११ ह्या नियमानं १४ ॲलर्जी घटकांची माहिती सुट्या मालालाही डिसेंबर २०१४ पासून सक्तीची आहे, अमेरिकेत ९ मुख्य घटक मानतात, नववा म्हणजे तीळ, तो २०२३ पासून आला. तुमच्याकडे यादी कुठली ते खात्याला विचारा, पण शेंगदाणे, झाडावरचे दाणे म्हणजे बदाम काजू वगैरे, तीळ, सोया, गहू, दूध हे कुठल्याही यादीत असणार असं धरून चाला.

ॲलर्जीबद्दल मला खरंच कळकळीनं सांगायचंय. एका दुकानात संध्याकाळी डबे धुतले, सगळी कार्डं काढून टेबलावर ठेवली, सकाळी दुसऱ्या पाळीच्या मुलानं ती लावली आणि भोपळ्याच्या बियांच्या भुकटीचं कार्ड बदामाच्या भुकटीवर गेलं. दोन्ही फिकट, बारीक, एकसारखी. सुदैवानं एका नियमित गिऱ्हाइकाला वास वेगळा आला म्हणून कळलं, नाहीतर कुणाच्या तरी पोरावर बेतलं असतं. तेव्हापासून मी कार्ड डब्यालाच कायमचं बसवायला सांगते आणि डबा आणि माल ह्यांची जोडी बदलायची नाही, बदामाचा डबा तो बदामाचाच. मांडणीही महत्त्वाची, शेंगदाणे आणि बदाम काजू खालच्या रांगेत ठेवा, वर ठेवले तर सांडलेला तुकडा खालच्या डब्यात पडणार. पीठं एका टोकाला, शक्य तर मध्ये फळी, कारण पिठाची धूळ उडते आणि ती स्कूपच्या दोरीनं अडत नाही. आणि ग्लूटेन फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेलं, असं सुट्या डब्यावर लिहू नका, ही माझी ठाम सूचना आहे. कोडेक्सची मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम ग्लूटेन इतकी आहे, म्हणजे गव्हाचं पीठ किलोत पाव ग्रॅमच्या आसपास पडलं तरी ओलांडली जाते, चिमूटभरसुद्धा नाही ते. एखादं गिऱ्हाईक चुकून पिठाचा स्कूप ओट्समध्ये घालून गेलं आणि तुम्ही बघितलंच नाही, तर तो डबा आता काय आहे हे कुणालाच माहीत नाही. ज्याला सिलिॲक म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार आहे त्याच्यासाठी बंद पाकीट ठेवा आणि त्याला प्रेमानं सांगा की सुटं घेऊ नका, तो रागावणार नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवेल.

बॅच आणि रजिस्टर. हे कंटाळवाणं वाटतं आणि त्यामुळेच कुणी करत नाही. युरोपात १७८/२००२ ह्या नियमाप्रमाणे माल कुणाकडून आला हे दाखवता आलं पाहिजे, बाकीच्या देशांतही ह्या ना त्या रूपात हे आहेच. वर जी शेंगदाण्याची गोष्ट सांगितली त्यात पुढे हजारो उत्पादनं परत मागवावी लागली होती. अशा वेळी पुरवठादाराचा फोन येतो, अमुक बॅच काढून टाका. पॅकेटवाला शेल्फवरचे नंबर बघून तेवढी पाकिटं काढतो. सुटं विकणारा काय करणार? तीन बॅच एकमेकांवर ओतल्या असतील तर सगळा डबा फेकायचा, आणि गिऱ्हाइकानं कुठली नेली हे सांगताच येत नाही. वहीत चार रकाने पुरतात, डबा क्रमांक, बॅच नंबर, भरल्याची तारीख आणि डबा रिकामा झाल्याची तारीख. शेवटचा रकाना लोक विसरतात, पण तोच सांगतो की ही बॅच कुठल्या दिवसांत विकली गेली. गोणीचं मूळ लेबल कापून त्याच वहीत चिकटवा, माल संपला तरी तीन महिने ठेवा, खातं जास्त मागत असेल तर जास्त.

किडे. तांदळातला सोंड्या दाण्याच्या आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो, त्यामुळे गोण उघडताना माल स्वच्छच दिसतो आणि उबदार हवेत महिन्याभरात डबा चालायला लागतो. तेव्हा लोक म्हणतात दुकानात किडे झाले, खरं तर ते गोणीतूनच आलेले असतात. त्यामुळे गोण आली की दुकानात नेण्याआधी थोडा माल चाळून बघायचा, शिवणीपाशी जाळं आहे का, भुकटी आहे का. ज्याच्याकडे डीप फ्रीजर आहे त्यानं पीठ, बिया, दाणे उणे १८ अंशाला निदान चार दिवस ठेवावेत, मोठी गोण असेल तर जास्त, कारण थंडी मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर मात्र गोण लगेच उघडू नका, आत बाहेर तापमान एक होईपर्यंत बंद ठेवा नाहीतर हवेतलं पाणी मालावर धरतं आणि एक प्रश्न सोडवताना दुसरा निर्माण होतो. साठा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे झाडू जातो आणि उंदराची लेंडी दिसते. डब्यांवर कीटकनाशकाचा फवारा कधीही नाही.

दाण्यांना कुबट वास आला, काळे हिरवे ठिपके दिसले, तर निवडून उरलेलं विकू नका. अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष १९६० मध्ये ब्रिटनमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा लक्षात आलं, शेंगदाण्याच्या पेंडीतून आलं होतं, आणि ते नेहमीच्या भाजण्या शिजवण्यानं जात नाही. सगळा डबा बाद, आणि पुरवठादाराला कळवा.

गिऱ्हाइकाचा स्वतःचा डबा. इथे नियम गेल्या काही वर्षांत खूप बदललेत म्हणून जुनी माहिती फिरते. फ्रान्समध्ये २०२० च्या कायद्यानं गिऱ्हाइकाला स्वतःचं भांडं आणायचा हक्कच दिला, आणि भांडं स्वच्छ आणि योग्य ठेवायची जबाबदारीही त्याचीच, दुकानदार उघड घाण किंवा अयोग्य भांडं नाकारू शकतो. नंतरच्या २०२१ च्या कायद्यात तर ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना २०३० पर्यंत विक्रीच्या जागेचा २० टक्के भाग विनापॅकिंग मालाला द्यायचं लक्ष्य आहे. अमेरिकेच्या फूड कोडनंही २०२२ मध्ये गिऱ्हाइकाच्या डब्यात माल भरायला वाट करून दिली. त्यामुळे चालतच नाही असं म्हणणारा बहुधा जुनं सांगतोय, किंवा कोविडच्या काळातलं, तेव्हा खूप ठिकाणी बंदी घातली होती, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये एफडीएनंच सांगितलं की अन्न किंवा पॅकिंगमधून तो विषाणू पसरल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तरी काळजी घ्यायचीच. धोका कुठे आहे, तर गिऱ्हाइकाचा डबा तुमच्या स्कूपला किंवा नळीच्या तोंडाला टेकतो तिथे. म्हणून नळीच्या तोंडाखाली हातभर मोकळी जागा ठेवा. स्कूप असेल तर माल आधी तुमच्या स्वच्छ पसरट फनेलमध्ये, मग डब्यात. सगळ्यात चांगलं म्हणजे काउंटरवर आधी रिकाम्या भांड्याचा धडा करताना, म्हणजे त्याचं वजन आधी करून घेताना, तुमचा माणूस आत डोकावून बघतो, ओलं आहे का, वास येतो का, आणि तिथेच वजनाचं स्टिकर लावतो. ते स्टिकर म्हणजे हा डबा बघितलाय ह्याची खूण. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी कागदी पिशव्या जवळच हव्यात, नाहीतर लोक खिशातली चुरगळलेली पिशवी काढतात.

देखरेखीचं लोक विसरतात. फूड कोड म्हणतं की सेल्फ सर्व्हिसवर प्रशिक्षित माणसाचं लक्ष हवं. म्हणजे चोवीस तास उभा माणूस नव्हे, पण त्या भागाची जबाबदारी कुणाची हे नावानिशी ठरलेलं हवं आणि तो दर थोड्या वेळानं फेरी मारणारा हवा, झाकणं, सांडलेलं, स्कूप जागेवर आहेत का. गिऱ्हाईक मुठीनं घेऊन चाखताना दिसलं तर भांडू नका, म्हणा थांबा मी देते, आणि बाजूला झाकलेल्या बरणीतून छोट्या चमच्यानं द्या. जास्त घेतलेला माल पुन्हा डब्यात ओतू द्यायचा नाही, एकदा गिऱ्हाइकाच्या हातात गेला तो परत येत नाही, हे अमेरिकेत नियमातच आहे. त्याचा उपाय सोपा, डब्यांजवळ एक वजनकाटा ठेवा, लोकांना किती घेतलं ते दिसतं मग परत ओतायची वेळच येत नाही. आणि ज्या डब्यात कुणी हात घातला हे तुमच्या माणसानं बघितलं तो डबा बंद करून माल काढायचा अधिकार त्याला द्या, मालकाला विचारायला लागू नये. हात धुवायला साबण पाणी जवळ असलं तर उत्तम, नुसती अल्कोहोलची जेल नोरोव्हायरसवर फारशी चालत नाही.

साबण, डिटर्जंट, प्राण्यांचं खाणं हेही सुटं विकणार असाल तर खाण्याच्या मालाच्या वर कधीही नाही, वेगळा भाग किंवा मध्ये भिंत, आणि फनेल, स्कूप वेगळ्या रंगाचे.

आता पुढे काय करायचं ते. डबे घेण्याआधी खात्यात जा, परवाना देणाऱ्या माणसाला भेटा, उलट क्रमानं गेलात तर पस्तावाल. सोबत एक कागदावर मांडणीचा नकाशा न्या, मालाची यादी न्या आणि प्रत्येकापुढे तसाच खायचा का शिजवायचा, ग्रॅव्हिटी का स्कूप, कधी धुणार, असं लिहा. डब्याचं कंपनीचं माहितीपत्रक न्या. मग चार गोष्टी विचारा: सुकामेव्याला स्कूप चालेल का, गिऱ्हाइकाचं भांडं कुठल्या अटीवर, ॲलर्जीची यादी कुठली, आणि धुण्यासाठी तीन कप्प्यांचं सिंक लागेल का, कारण हे शेवटचं निघालं तर प्लंबिंगचं काम पडतं आणि दुकान उघडायला उशीर होतो. उत्तर तोंडी दिलं तर घरी येऊन त्याच दिवशी त्यांना ईमेल करा की आज असं असं ठरलं, बरोबर ना. माणसं बदलतात, पुढचा इन्स्पेक्टर वेगळं म्हणाला तर तुमच्याकडे कागद असतो.

सुरुवात वीस डब्यांनी करा, साठ नको. दोन महिने वही नीट भरा, कुठला माल किती दिवसांत संपतो ते कळेल, मग वाढवा. सुकामेव्यातले काही प्रकार तुमच्याकडे महिनाभर हलणार नाहीत, ते सरळ पाकिटात ठेवा. आणि मांडणीचा नकाशा झाला की मला पाठवा, मी बघून सांगते.